मॅग्नेट चिकटलं नाही, तरी रेलिंग गंजलं कसं? प्रभादेवीच्या एका सोसायटीचं प्रकरण

सोसायटी प्रभादेवीची, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, सात मजली, पश्चिमेच्या बाल्कन्या सरळ वाऱ्याच्या तोंडावर. मोठं रिपेअरिंग निघालं तेव्हा एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाच्या) जुन्या ग्रिल काढून सगळीकडे स्टेनलेस स्टीलचं पाइप रेलिंग बसवायचं ठरलं, कारण दर दोन-तीन वर्षांनी रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंटच्या खर्चाला सगळे वैतागले होते. कोटेशनमध्ये आणि बिलात, दोन्हीकडे ‘एसएस ३०४’ (स्टेनलेसचा एक ग्रेड) स्पष्ट लिहिलेलं. काम मे संपायच्या आत आवरलं, पाऊस झाला, आणि गणपतीत लोक बाल्कनीत लायटिंग लावायला गेले तेव्हा हाताला तपकिरी डाग लागायला लागले.

मी मटेरियल्सवाला, एका फॅब्रिकेशन कंपनीत क्वालिटी बघतो, त्यामुळे सोसायटीत कुणाचा कुकर काळा पडला तरी मलाच विचारतात. हे प्रकरण सविस्तर लिहून काढतोय कारण मुंबईत हाच वाद मी बऱ्याच इमारतींत ऐकलाय आणि दर वेळी तो एकाच जागी येऊन अडकतो, मॅग्नेटवर. चिकटलं नाही म्हणजे माल अस्सल, चिकटलं म्हणजे डुप्लिकेट, असा सगळ्यांचा हिशोब.

आधी डाग कुठे होते ते बघू, कारण अर्धं उत्तर तिथेच होतं. वरचा जाड टॉप पाइप जवळपास स्वच्छ, फक्त जॉइंटला तपकिरी कडा. मधले बारीक पाइप मात्र अंगभर ठिपक्या-ठिपक्यांचे, जवळून बघितलं तर प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं काळं भोक. खाली जिथे पिलर लादीला भिडतो तिथे झाकायला जो कप असतो त्याच्या खालून पांढऱ्या लादीवर केशरी ओघळ. आणि गंमत म्हणजे गच्चीवरचं रेलिंग, ज्याच्यावर चार महिने धो-धो पाऊस पडला, ते बऱ्या अवस्थेत, पण छज्जाखालचं, जिथे पाऊस पोचतच नाही, ते सगळ्यात वाईट. एका फ्लॅटमध्ये कामाला येणाऱ्या मावशी लादी पुसताना रेलिंगवरही ओला कपडा फिरवतात, तिथे डाग शोधावा लागत होता.

मीटिंगला जो गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. चौथ्या मजल्यावरचे काका फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात घालून आले होते. मधल्या पाइपला लावलं, पडलं. टॉप पाइपच्या कोपऱ्यातल्या बेंडला लावलं, हलकंसं चिकटलं. “हे बघा, बेंड डुप्लिकेट! पाइप ओरिजिनल आहेत, बेंडमध्ये मारलंय आपल्याला.” फॅब्रिकेटर शपथेवर सांगत होता की शेठ, मी प्रत्येक पाइप मॅग्नेट मारूनच उचललाय. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. दुसरे एक आजोबा म्हणाले की दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, तो गंजत नाही आणि तुमचं स्टेनलेस एका पावसात गेलं. (त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झालाय, आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलं होतं. शिवाय दिल्लीची हवा कोरडी. तोच खांब दादर चौपाटीवर उभा केला असता तर काय झालं असतं हे मला बघायला आवडलं असतं.)

आता हे मॅग्नेट नक्की काय मोजतं ते बघू. लोखंडाचे अणू रोजच्या तापमानाला अशा रचनेत बसतात की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि बरोबर पोटात एक. याला फेराइट म्हणतात आणि याला मॅग्नेट चिकटतं. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की रचना बदलते, पोटातला अणू जातो आणि घनाच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध एक अणू येतो, हे ऑस्टेनाइट. याला मॅग्नेट चिकटत नाही. लोखंड थंड झालं की परत पहिल्या रचनेत येतं, पण त्यात पुरेसं निकेल मिसळलं तर ते थंड झाल्यावरही दुसऱ्याच रचनेत राहतं. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, भांड्यांच्या दुकानात ज्याला अठरा-आठ म्हणतात तेच. त्यातलं निकेल हे मुख्यतः रचना टिकवायचं काम करतं. या रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, आणि धातूमधले बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या मालकीचे नसून सगळ्यांचे सामायिक असल्यामुळे थर सरकले तरी बंध तुटत नाही. म्हणूनच ३०४ चा पत्रा खोल सिंकमध्ये ओढता येतो, पाइप वाकवता येतो, तडा जात नाही.

पण गंज थांबवणं हे काम वेगळं आहे आणि ते करणाराही वेगळा, तो क्रोमियम. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून क्रोमियम ऑक्साइडचा एक थर बसतो, जाडी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे अणूंचे मोजके थर. इथला बंध धातूसारखा नाही. क्रोमियमने इलेक्ट्रॉन देऊन टाकलेत, ऑक्सिजनने घेतलेत, दोघं एकमेकांना घट्ट धरून बसलेत, सरकायला जागा नाही, खालच्या धातूला पाणी-ऑक्सिजन पोचायला वाट नाही. साध्या लोखंडाचा गंजही ऑक्साइडच आहे, पण तो पाणी धरलेला, भुसभुशीत, फुगून सुटणारा, त्यामुळे तो खालच्याला वाचवत नाही, उलट ओल धरून ठेवतो. क्रोमियमवाला थर ओरखडला तर खालचं क्रोमियम लगेच ऑक्सिजन पकडून तो परत भरून काढतं. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये जे ओतलं त्यात १२.८ टक्के क्रोमियम होतं आणि निकेल नव्हतंच, म्हणजे त्या पहिल्या गाजलेल्या स्टेनलेसला मॅग्नेट चिकटलं असतं! आजही ४३० ग्रेडला मॅग्नेट कडकडून चिकटतं आणि त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं.

मग बाजारात गोंधळ कशामुळे? निकेल महाग. ऑस्टेनाइटची रचना टिकवायचं काम मँगनीज आणि नायट्रोजनही करतात आणि मँगनीज स्वस्त आहे. त्यातून २०० सिरीज आली, २०१, २०२, आणि आपल्याकडे ज्याला जे-फोर म्हणतात ते, ज्यात निकेल एक टक्क्याच्या आसपास आणि मँगनीज नऊ-दहा टक्क्यांपर्यंत. इथे खरी मेख अशी की क्रोमियमचा स्वतःचा कल फेराइटकडे असतो, ते रचना उलट दिशेला ओढतं, आणि निकेल कमी केलं की त्या ओढीला पुरं पडायला कुणी उरत नाही, मग क्रोमियमही कमी करावं लागतं. जे-फोरमध्ये ते साधारण १५-१६ टक्के असतं. म्हणजे मॅग्नेट न चिकटणारी रचना तर सांभाळली, पण ती सांभाळायला जो गंज रोखणारा होता त्यालाच कात्री लावली. मॅग्नेटला हे दिसणं शक्यच नाही, कारण ते अणू कसे बसलेत एवढंच सांगतं, कोण बसलेत ते सांगत नाही. घरातल्या आतल्या जिन्याला, सुक्या जागेत, जे-फोर वर्षानुवर्षं छान राहतं, मी त्याला वाईट माल म्हणणार नाही. ते प्रभादेवीच्या पश्चिमेच्या बाल्कनीत लावायचा माल नाही एवढंच.

आणि काकांचा बेंड? ३०४ थंड अवस्थेत वाकवलं की ताणामुळे ऑस्टेनाइटचा थोडा भाग मार्टेन्साइट नावाच्या तिसऱ्याच रचनेत जातो आणि त्याला मॅग्नेट चिकटतं. वेल्डच्या मण्यालाही हलकं चिकटतं, कारण वेल्ड थंड होताना तडकू नये म्हणून त्यात थोडं फेराइट मुद्दाम राहू देतात. म्हणजे काकांनी ज्याला डुप्लिकेट ठरवलं तोच अस्सल होता.

हे तोंडी सांगून कुणाला पटणार नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रकारच्या पाइपचा एकेक तुकडा कापून घेतला. आधी बाजारात मिळतं ते टेस्टिंग लिक्विड वापरलं, थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीचं टोक लावायचं, मँगनीजवाला माल असेल तर ठिपका लालसर होतो. मधल्या पाइपवर बघता बघता लाल झाला, टॉप पाइपवर नाही. बघणाऱ्यांवर याचा जेवढा परिणाम झाला तेवढा माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचा झाला नव्हता. तरी थेंबावर बिलाचं भांडण लढता येत नाही, म्हणून तुकडे गुलालवाडीच्या धातूबाजाराच्या बाजूला नेऊन पीएमआय गनखाली धरले. ही गन एक्स-रे मारते आणि प्रत्येक मूलद्रव्य जी स्वतःची ठरावीक एक्स-रे परत फेकतं त्यावरून टक्केवारी देते. टॉप पाइप, बेंड, मास्टर पिलर सगळे ३०४ मध्ये बसले. मधले पाइप सरळसरळ जे-फोर. (ही गन कार्बन वाचू शकत नाही, त्यामुळे ३०४ की कमी कार्बनचं ३०४एल हे तिला विचारू नका, कुणी छातीठोक सांगितलं तर त्याने सर्टिफिकेट बघून सांगितलंय असं समजा.)

फॅब्रिकेटरने मग सांगितलं की जाड पाइप एका दुकानातून घेतले, बारीक पाइपचा माल तिथे कमी पडला म्हणून दुसरीकडून उचलले, तिथे विचारलं ३०४ आहे का, हो म्हणाले, मॅग्नेट मारलं, पडलं, घेतलं. पाइपवर स्टिकर ३०४ चा होता.

आता कुणाला वाटेल प्रकरण संपलं, माल खोटा, विषय खल्लास. पण मग जॉइंटच्या कडा का तपकिरी, ते तर ३०४ होते. आणि गच्ची बरी आणि छज्जाखाली वाईट हे कसं?

छज्जाचं आधी. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक थेंब असतात, ते पाइपवर बसतात. जोराचा पाऊस ते धुऊन टाकतो, छज्जाखाली ते साचत जातात. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. सोडियम क्लोराइड हवेतली ओल शोषून पाणी व्हायला साधारण ७५ टक्के आर्द्रता लागते, मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ च्या आसपास पुरते. पावसाळ्यात बरणीतलं खडेमीठ पाझरतं त्यात त्याचा मोठा हात असतो. मुंबईत हवा एवढी कोरडी फार क्वचित होते, म्हणजे छज्जाखालच्या पाइपवर न दिसणारा खारट पाण्याचा पातळ पापुद्रा जवळपास बारा महिने ओलाच. त्यातलं क्लोराइड जिथे ऑक्साइडचा थर कमजोर आहे तिथे, विशेषतः स्टीलमध्ये मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण असतात त्यांच्या कडेला, शिरकाव करतं. एकदा भोक पडलं की आतलं पाणी आम्ल होत जातं, बाहेरचं क्लोराइड आत ओढलं जातं, ऑक्सिजन आत पोचत नाही म्हणून थर परत भरत नाही. दाताच्या किडीसारखं आहे, वरून ठिपका, आत पोकळी. ३१६ या ३०४ च्या वरच्या ग्रेडमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात ते याच्याचसाठी. या खड्ड्यांना विरोध किती याचा एक ढोबळ आकडा काढतात, क्रोमियमची टक्केवारी अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट अधिक नायट्रोजनच्या १६ पट, ३०४ चा तो १८-१९ येतो आणि ३१६ चा २४ च्या आसपास. मावशींचा ओला कपडा या फॉर्म्युल्यात बसत नाही पण त्याने फरक पडतो हे डोळ्यांनी दिसत होतं.

जॉइंटचं कारण साधं होतं. आर्गन वेल्डिंग केलं की दोन्ही बाजूंना पिवळा-निळा पट्टा येतो, तो म्हणजे उष्णतेने जाड झालेला ऑक्साइड, आणि त्यासाठी लागलेलं क्रोमियम लगतच्या खालच्या थरातून खेचलेलं असतं. तो पट्टा आणि खालचा क्रोमियम कमी झालेला थर दोन्ही काढायला पिकलिंग पेस्ट (ॲसिडचा लेप) लावावी लागते. इथे वरवर बफिंग मारून चमक आणली होती, तीही बऱ्याच ठिकाणी फक्त समोरून, बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूला निळे पट्टे तसेच. त्यातून ज्या ग्राइंडरच्या चक्तीने जुन्या एमएसच्या ग्रिल कापल्या तीच चक्ती स्टेनलेसवर फिरवलेली, कापताना उडालेल्या ठिणग्याही नव्या पाइपवर बसलेल्या. म्हणजे वर दिसणाऱ्या गंजाचा बराच भाग स्टेनलेसचा नव्हताच, त्यावर रुतलेल्या साध्या लोखंडाचा होता. हा प्रकार दिसायला सगळ्यात भयानक आणि खरं तर सगळ्यात निरुपद्रवी, लवकर काढला तर. ग्रुपवर एकाने ‘वेल्ड डिके’चा व्हिडिओ टाकला होता, म्हणजे वेल्डच्या उष्णतेने क्रोमियम कार्बाइड बनून कणांच्या सीमा कमजोर होतात तो प्रकार. तो खरा आहे, पण दीड मिलिमीटरच्या पातळ पाइपवर वेल्ड इतक्या पटकन थंड होतो की त्याला सहसा वेळच मिळत नाही, इथे तो मुद्दा नव्हता.

आणि खालचे ओघळ. याच्यावर मीटिंगमध्ये कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, सगळे पाइपच्या ठिपक्यांवर भांडत होते. मी फॅब्रिकेटरला म्हणलं एक कप वर उचल. सिलिकॉन नव्हतंच, कप हाताने सरकला. आत ओला केशरी चिखल, सिमेंटचा चुरा, आणि बेस प्लेटला धरणारे चार अँकर बोल्ट, झिंक प्लेटिंगवाले साधे एमएसचे. स्टेनलेसची मोठी प्लेट आणि त्यात छोटा एमएसचा बोल्ट, मधे खारट पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, आणि तीही वाईट प्रमाणातली, कारण झिजणारा तुकडा लहान आणि त्याला झिजवणारा पृष्ठभाग मोठा. झिंक कधीच संपलेलं, नटाच्या कडा गोल व्हायला लागलेल्या. त्यात भर म्हणजे टाइल्सचं काम झाल्यावर ग्राउटचे डाग काढायला लादी ॲसिडने धुतलेली, तेच लादीवाले ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराइडच. त्याची वाफ खालच्या वीतभर भागावर बसली आणि कपाच्या आत शिरलेलं ॲसिड तिथेच राहिलं.

ठिपके पडलेला पाइप दिसायला वाईट, तो उद्या तुटत नाही. पण सहाव्या मजल्यावर रेलिंगला टेकून माणूस उभा राहतो तो त्या चार बोल्टांच्या भरवशावर. हे मी मीटिंगमध्ये थोडं चिडूनच बोललो, आणि त्यानंतर सेक्रेटरींनी विषयांचा क्रम बदलला.

काम असं झालं. आधी सगळे बोल्ट, स्टेनलेसचे अँकर, कपाखाली सीलंट, आणि पाणी अडकू नये म्हणून प्लेटखालचं ग्राउट उताराला. मग मधले पाइप. पश्चिमेला ३१६ आणि बाकी बाजूंना ३०४ घ्यायचं ठरलं, सगळीकडे ३१६ चा आग्रह मी धरला नाही, आतल्या चौकाकडच्या बाल्कन्यांना ते पैसे घालण्यात अर्थ नव्हता. कुणीतरी विचारलं, ३०४ ला ३१६ जोडलं तर परत ती बॅटरी होणार का. नाही, हे दोघं इतके जवळचे आहेत की फरक पडत नाही. माल टेंपोतून उतरवायच्या आधी गन लावून तपासला, मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा (स्टीलच्या कारखान्याने दिलेल्या तपासणीच्या कागदावरचा) हीट नंबर, म्हणजे एका वेळी ओतलेल्या मालाचा नंबर, पाइपवरच्या नंबराशी जुळवला. वेल्डवर पिकलिंग पेस्ट लावली ती माहितगार माणसाकडूनच, कारण तिच्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं, हा सोसायटीच्या प्लंबरला ब्रश देऊन करून घ्यायचा प्रकार नाही. खर्च कंत्राटदार आणि सोसायटीने कसा वाटून घेतला ते लिहीत नाही, पण पीएमआयचा कागद समोर आल्यावर आवाज बरेच खाली आले.

नोटीस बोर्डावर दोन ओळी लागल्या. लादी ॲसिडने धुवायची नाही, आणि रेलिंग तारेच्या घासणीने घासायचं नाही, ओला कपडा आणि साबणाचं पाणी पुरे. दुसऱ्या ओळीवर वाद झाला कारण तारेच्या घासणीने चमक लगेच येते. येते, पण ओरखड्यांत मीठ बसतं आणि घासणी साध्या स्टीलची असेल तर तिचे कण रुततात, परत तेच चक्र.

पुढच्या पावसाळ्यानंतर बघितलं तेव्हा पुसल्या जाणाऱ्या बाल्कन्या स्वच्छ होत्या. पश्चिमेच्या दोन बंद फ्लॅटमध्ये ३१६ वरही चहाच्या डागासारखी फिकट झाक आली होती, साबणाच्या पाण्याने आणि मऊ स्पंजने निघाली, खाली भोक नव्हतं. कंत्राटदाराची अनामत रक्कम सोसायटीने अजून सोडलेली नाही, कारण पाचव्या मजल्यावरच्या एका बंद फ्लॅटमधले बोल्ट बदलायचे राहिलेत आणि त्याची चावी मालकांच्या बहिणीकडे डोंबिवलीला आहे.